गच्चीवरच्या गाळात अवकाशधूळ कशी शोधावी आणि ती कशी वाचावी

ऑक्टोबरात पाऊस उघडला की आमच्या गच्चीच्या एका कोपऱ्यात, पाइपाच्या तोंडाशी, वाटीभर काळपट गाळ साचलेला असतो. बाकीच्यांच्या लेखी तो केर. मी तो दरवर्षी डब्यात भरतो, डब्यावर तारीख घालतो आणि पुढचे काही महिने रोज रात्री अर्धा तास त्याच्यासोबत घालवतो. त्या गाळात बारीक मिठाच्या दाण्याएवढा एखादा कण पृथ्वीवर न बनलेलाही असू शकतो. सूर्यमाला तयार होताना जे साहित्य वापरलं गेलं, त्यातलं उरलेलं चिमूटभर अजूनही रोज आपल्या डोक्यावर पडतंय. ते कसं वेचायचं आणि त्यातून काय कळतं, हे इथे सविस्तर लिहितो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आकाशात चमकून जाते ती उल्का. जमिनीवर पोचतो तो दगड म्हणजे अशनी. आणि साधारण दोन मिलिमीटरपेक्षा लहान कण जमिनीवर पोचला, तर तो सूक्ष्म अशनी. आपल्याला हवा आहे तो हा तिसरा. धूमकेतू सूर्याजवळ आले की त्यांच्यातून धूळ सुटते, लघुग्रह एकमेकांवर आदळले की धूळ उडते. ही धूळ सूर्यप्रकाशाच्या दाबामुळे वेग गमावत हळूहळू आतल्या बाजूला सरकते आणि वाटेत पृथ्वीला सापडते. फ्रेंच शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातल्या काँकॉर्डिया तळाजवळचं बर्फ वर्षानुवर्षं वितळवून हिशेब मांडला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या हिशेबानुसार वर्षाला सुमारे ५,२०० टन अवकाशधूळ जमिनीपर्यंत पोचते. आख्ख्या पृथ्वीवर पसरली की ही धूळ फारच विरळ होते. ०.१ मिलिमीटरच्या आसपासचे कण धरले तर दर चौरस मीटरला वर्षाकाठी साधारण एक, असा ढोबळ अंदाज करतात. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. म्हणजे कण पडतात नक्की. प्रश्न उरतो तो शोधण्याचा.

शंभरेक वर्षं तज्ज्ञांचं मत असं होतं की शहरात हे शक्य नाही, कारण माणसाने केलेला कचराच इतका की त्यात अवकाशातला कण हरवून जाणार. १८७२ ते १८७६ दरम्यान चॅलेंजर जहाजाच्या मोहिमेत जॉन मरे यांना खोल समुद्राच्या चिखलात चुंबकाला चिकटणारे बारीक गोळे मिळाले आणि ते अवकाशातले असल्याचं त्यांनी ओळखलं. तेव्हापासून शोध चालला तो माणसापासून दूर, समुद्रतळाशी आणि ध्रुवीय बर्फात. आपल्याकडे गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत श्याम प्रसाद, रुद्रस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य हिंदी महासागराच्या तळातल्या गाळातून असे गोळे वेचून त्यांच्यावर फार मोलाचं काम केलं आहे. तिथे पाण्याची खोली पाच किलोमीटरच्या घरात आहे. पणजीच्या शेजारी बसून लोक सूर्यमालेच्या बालपणाचा अभ्यास करतात, हे आपल्याकडे पुरेसं माहीत नाही याची मला खंत वाटते.

शहराचा समज मोडला तो नॉर्वेच्या योन लार्सेन यांनी. ते पेशाने जॅझ गिटारवादक. त्यांनी अनेक वर्षं छपरांवरचा गाळ धुतला, चाळला, आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या मॅथ्यू गेंज यांना कण दाखवले. ऑस्लो, पॅरिस, बर्लिन अशा शहरांतल्या छपरांवरच्या सुमारे ३०० किलो गाळातून ५०० सूक्ष्म अशनी मिळाल्याचं त्यांच्या शोधनिबंधात आहे. हा आकडा लक्षात ठेवा. किलोमागे दोनसुद्धा नाहीत. हाच आकडा पुढे तुमचा धीर टिकवेल.

गच्ची निवडताना

सपाट, कठडा असलेली आणि पाणी जायला एक-दोनच वाटा असलेली गच्ची उत्तम. किमान ५० चौरस मीटर असावी. वर झाडाच्या फांद्या नकोत, नाहीतर पालापाचोळाच उपसत बसाल. आसपास फॅब्रिकेशनचं दुकान, ओतकाम किंवा रेल्वेमार्ग नसेल तर बरं. कोराडी किंवा चंद्रपूरसारख्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात राहत असाल तर राखेतले गोळे फार सापडतील. काम थांबत नाही, मात्र वेळ दुप्पट लागतो. इमारत किती वर्षांची आहे, गच्ची शेवटची कधी झाडली, वॉटरप्रूफिंग कधी केलं, हे विचारून लिहून ठेवा. यात शास्त्राच्या दृष्टीने मोठा फायदा आहे. समुद्रतळातला कण हजारो वर्षं मुरलेला असतो. आठ वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवरचा कण मात्र आठ वर्षांच्या आत पडलेला असणार. इतका ताजा, तारखेचा माल समुद्र देऊ शकत नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगा. गाळ साफ करून देतो म्हटलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही. उतरत्या पत्र्यावर चढू नका, त्याची पन्हळ खालून शिडी लावून, कोणीतरी शिडी धरून उभं असताना साफ करा. आणि कबुतरं असतील तर मास्क हवाच. त्यांची वाळलेली विष्ठा श्वासातून गेली तर फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून गाळावर आधी पाणी शिंपडावं, मग भरावा.

वेळ

लार्सेन यांची पद्धत युरोपातली. आपल्याकडे ती तशीच्या तशी चालत नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत: पाऊस आणि दिवाळी.

पाऊस आपलं अर्धं काम करून ठेवतो. चार महिने पाणी गच्चीवरून वाहतं तेव्हा माती, राख, पराग अशा हलक्या गोष्टी वाहून जातात, आणि जड कण पाण्याचा वेग मंदावतो तिथे बसतात. जाळीच्या अलीकडे, कोपऱ्यात, कोब्याच्या खोलगट भागात. तांदूळ रोळताना खडे तळाशी राहतात, तोच प्रकार. त्यामुळे पाऊस संपल्यावरचा गाळ आधीच निम्माशिम्मा निवडलेला असतो.

दिवाळी मात्र सगळं बिघडवते. फुलबाजीत आणि भुईनळ्यात लोखंडाची पूड असते. ती जळते, वितळते, हवेतच गोळा होते आणि थंड होऊन खाली पडते. म्हणजे अवकाशातल्या कणाचं जे होतं, त्याचीच घरगुती नक्कल. म्हणून माझा ठाम सल्ला: पाऊस उघडल्यावर आणि दिवाळीच्या आधी गाळ गोळा करा. मागच्या वर्षीचे फटाक्यांचे कण गच्चीत असतीलच, पण निदान ताजा थर टळतो.

आधी तोतये ओळखा

बहुतेक जण थेट गाळावर तुटून पडतात. मीही तेच केलं होतं. पहिल्या वर्षी मला डझनावारी चकचकीत गोळे मिळाले, रात्रभर झोप आली नाही. मग कळलं की उन्हाळ्यात शेजारच्या घराला ग्रिल बसवताना तिथेच वेल्डिंग झालं होतं. ते सगळे गोळे त्यातले. ते मी अजून ठेवले आहेत, कारण खऱ्या कणाची पारख शिकवली ती त्यांनीच.

म्हणून गाळाला हात लावण्याआधी तोतयांचा संग्रह करा. चिनीमातीच्या बशीवर एक फुलबाजी पूर्ण जाळा आणि खाली पडलेली पूड चुंबकाने उचला. कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याला विचारून त्याच्या ग्राइंडरखालची धूळ चिमूटभर आणा, वेल्डिंगच्या जागेची वेगळी आणा. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांमध्ये रात्री चमकण्यासाठी काचेचे मणी घालतात. पट्टा झिजला की ते कडेच्या मातीत सापडतात, तेही घ्या. राख मिसळलेल्या सिमेंटच्या विटेचा चुरा घ्या. प्रत्येकाची वेगळी पुडी, वेगळी चिठ्ठी. दोन-तीन संध्याकाळी हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली नुसतं बघत बसा. माणसाने बनवलेला गोळा बहुधा फार नीटनेटका असतो: अगदी वाटोळा, आरशासारखा गुळगुळीत, निळसर किंवा पोलादी झाक असलेला. कधी आतून पोकळ आणि एका बाजूला फुटलेला, कधी मान किंवा शेपूट निघालेली, कधी दोन गोळे चिकटलेले. रस्त्याचे मणी स्वच्छ पारदर्शक. राखेतले दुधाळ.

महाराष्ट्रात आणखी एक तोतया आहे, आणि तो संख्येने सगळ्यांवर भारी. आपला काळा दगड, बेसाल्ट. त्यात टायटॅनियम असलेल्या मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकीय लोहखनिजाचे, बारीक स्फटिक असतात, त्यामुळे दगडाची कच चुंबकाला चिकटते. शिवाय हल्ली बांधकामात नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड, म्हणजे हाच दगड दळून वापरतात. तेव्हा आपल्या गच्चीवर चुंबक फिरवला की काळी मिशी फुटल्यासारखी कच लटकते. युरोपातला माणूस चुंबकावर जितका भरवसा ठेवू शकतो, तितका आपण ठेवू शकत नाही. सुदैवाने ही कच टोकदार, धारदार असते. आपल्याला आकारावर भर द्यावा लागतो.

धुणं, चाळणं, चुंबक

सराफकट्ट्यावरची माती, गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी तुम्ही कदाचित पाहिले असतील. आपलं तंत्र त्यांचंच. बादलीत किलोभर गाळ घ्या, भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाका, भरपूर पाणी घालून हाताने जोरात ढवळा. दहापर्यंत आकडे मोजा आणि वरचं गढूळ पाणी ओतून द्या. वर तरंगणारा कचरा आणि राखेचे पोकळ मणी यात निघून जातात. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहा. दहा-बारा वेळा करावं लागतं. घाई करू नका. कणावर मातीचा पातळ लेप राहिला तर त्याचा पोत दिसत नाही, आणि ओळख पोतावरच ठरते. निवळलेला गाळ जुन्या वर्तमानपत्रावर उन्हात वाळवा. वारा असेल तर वरून मलमलचं कापड.

मग चाळणी. सिव्हिल इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळेत ४२५ मायक्रॉन आणि १५० मायक्रॉनच्या चाळण्या असतात, ओळखीचा विद्यार्थी असेल तर त्याच्याकडून अर्ध्या तासात काम होतं. नसेल तर मैद्याच्या चाळणीने वरचं भरड काढा आणि जुन्या कापडातून अगदी बारीक पीठ गाळून टाका. हवा आहे तो मधला भाग, ०.१५ ते ०.४ मिलिमीटर. त्याहून मोठे कण विरळाच पडतात, आणि त्याहून बारीक कण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येत नाहीत.

नियोडिमियम चुंबक झिपच्या पिशवीत घाला. चुंबक कधीही उघडा वापरू नका, चिकटलेले कण मग सुटत नाहीत. मधला भाग कागदावर पातळ पसरून त्यावरून पिशवी बोटभर उंचीवरून फिरवा, दुसऱ्या कागदावर नेऊन आतला चुंबक बाहेर काढा, कण गळून पडतील. किलोभर गाळातून आपल्याकडे चमचा-दोन चमचे काळी पूड सहज निघते.

आता या पुडीतली कच काढायची. गुळगुळीत पुठ्ठा थोडा तिरपा धरा, वरच्या कडेला चिमूटभर पूड ठेवा आणि पुठ्ठ्याच्या मागे नखाने हलकेच टकटक करा. गोल कण घरंगळत खाली येतात, टोकदार कच जागच्या जागी राहते. खाली आलेले कण वेगळे ठेवा. हे तीनदा करा, दर वेळी उतार थोडा कमी करून. एक कबुली द्यायला हवी: सगळे सूक्ष्म अशनी गोल नसतात. अर्धवट वितळलेले किंवा न वितळलेले कण या पायरीवर आपल्या हातून सुटतात. अंटार्क्टिकाच्या स्वच्छ बर्फात ते मिळतात, बेसाल्टच्या कचीत त्यांना शोधणं घरी जवळपास अशक्य आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली

दोन्ही डोळ्यांनी बघायचा, २० ते ४० पट मोठं दाखवणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक सर्वांत सोयीचा. संगणकाला जोडायचा डिजिटल प्रकारही चालतो, खोली मात्र त्यात कळत नाही. प्रकाश वरून आणि दोन बाजूंनी द्या. कण पांढऱ्या बशीत एका पातळ थरात ठेवा आणि बशी रांगोळीच्या ठिपक्यांसारखी ओळीने वाचा, म्हणजे काही सुटत नाही. उचलायला दाताच्या काडीचं टोक जिभेला न लावता पाण्याच्या थेंबात भिजवायचं, किंवा सर्वांत बारीक रंगाचा ब्रश. चिमटा वापरू नका, कण उडून जातो आणि परत मिळत नाही.

खरा कण कसा असतो? तो ताशी हजारो किलोमीटरच्या वेगाने आला आहे. सेकंदाला किमान ११ किलोमीटर. ८०-९० किलोमीटर उंचीवर विरळ हवेशी घासून तो काही सेकंद वितळला, घोटाळला, एका बाजूने दाबला गेला आणि लगेच थंड झाला. या सगळ्याच्या खुणा अंगावर राहतात. तो चेंडूसारखा नसून किंचित लांबट किंवा चपटा असतो, अंड्याच्या किंवा वाटाण्याच्या जवळ जाणारा. रंग काळा, गडद तपकिरी, कधी मधासारखा. पृष्ठभाग धातूसारखा चमकत नाही, घासलेल्या पाटा-वरवंट्यासारखी मंद झाक असते. आणि सर्वांत महत्त्वाचं, त्याला रचना असते.

माझ्या संग्रहातला एक कण सांगतो. लांबी ०.३ मिलिमीटर. चाळीस पटीत बघितलं तर तपकिरी काळ्या अंगावर एकमेकींना समांतर बारीक रेघा, नांगरलेल्या शेतातल्या तासांसारख्या. मध्ये एका ठिकाणी तासांची दिशा बदलते, जणू दुसऱ्याचं शेत सुरू झालं. रेघा म्हणजे ऑलिव्हिन या खनिजाचे पट्टे, मधल्या खाचा म्हणजे काच. आणि एका टोकाला चांदीचा ठिपका, बाहेर डोकावणारा. तो लोखंड-निकेलचा मणी. कण वितळलेला असताना जड धातू वेग मंदावण्याच्या धक्क्याने पुढच्या टोकाला सरकला आणि तिथेच गोठला. म्हणजे हा कण कोणतं तोंड पुढे करून पृथ्वीकडे आला, तेही त्या ठिपक्यावरून समजतं. मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा बराच वेळ डोळा काढवेना.

इतर प्रकारही आहेत. काहींवर कासवाच्या पाठीसारखे फुगीर तुकडे दिसतात. काहींच्या काळसर अंगावर नेच्याच्या पानासारखी मॅग्नेटाइटची नक्षी उमटलेली असते. काही पूर्ण काचेचे, बाटलीच्या हिरवट रंगाचे, त्यांना चुंबक जेमतेम ओढतो. आणि थोडे निव्वळ लोखंडाचे. हे शेवटचे गच्चीवर शोधूच नका असं मी स्पष्ट सांगतो, कारण डोळ्याने ते वेल्डिंगच्या गोळ्यापासून वेगळे करता येत नाहीत. सुरुवातीला फक्त पट्ट्यांचे आणि कासवपाठीचे कण धरा. शंका आली की कण तोतयांच्या पुडीशेजारी ठेवून बघा. तरी शंका राहिली तर तो नाकारा. शंभर गोळ्यांतले नव्याण्णव नाकारावे लागतात, कधी शंभरही.

बुलढाण्याकडच्या वाचकांसाठी एक खास इशारा. लोणारचं विवर बेसाल्टवर अशनी आदळून झालं, आणि त्या आघातात वितळून उडालेल्या दगडाचे गोळे तिथल्या मातीत आहेत. ते अवकाशधूळ नव्हेत, वितळलेला आपलाच खडक आहे. आणि तो परिसर संरक्षित आहे, तिथली माती उचलू नये.

नोंद

कण मिळाला की त्याच दिवशी लिहा: गच्चीचं गाव, क्षेत्रफळ, इमारतीचं वय, गाळ काढल्याची तारीख, किती किलो गाळ, कोणत्या चाळणीतला भाग, कणाची लांबी. तीन बाजूंनी फोटो. प्रत्येक कणाला क्रमांक द्या आणि तो खळगा असलेल्या काचपट्टीवर ठेवून वर झाकणकाच बसवा. डिंक लावू नका. रिकामे गेलेले किलोही लिहा. किती गाळात काहीच मिळालं नाही हे माहीत असल्याशिवाय मिळालेल्याचा हिशेब लागत नाही, आणि अवकाशधूळ किती पडते हा प्रश्न याच हिशेबाने सुटतो.

खात्री

फोटोवरून कण संशयितच राहतो. खात्रीसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि त्याला जोडलेलं मूलद्रव्यं मोजणारं उपकरण लागतं. अनेक विद्यापीठांत आणि मोठ्या महाविद्यालयांत ते असतं. तिथल्या प्राध्यापकांना पाच उत्तम कण नोंदींसह दाखवा, पन्नास संशयित घेऊन जाऊ नका.

अहवालात बघायचं ते असं. ऑक्सिजन, मॅग्नेशियम, सिलिकॉन आणि लोह प्रमुख असावेत. मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अणू जवळपास एकास एक, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम थोडेच. आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेशियम त्या मानाने बरंच कमी असतं आणि ॲल्युमिनियम, टायटॅनियम जास्त, त्यामुळे दोघांतला फरक लगेच उठून दिसतो. सोडियम आणि पोटॅशियम कणातून तापल्यामुळे उडून गेलेले असतात. निकेल दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. स्टेनलेस स्टीलवर ग्राइंडर फिरवला तरी निकेल असलेला गोळा तयार होतो, फक्त त्याच्यासोबत भरपूर क्रोमियम असतं. एका मूलद्रव्यावर निकाल देता येत नाही, सगळं मिश्रण जुळावं लागतं.

कण वाचायचा कसा

आता मुख्य गोष्ट. ते मिश्रण जुळतं कशाशी? सूर्याशी. सूर्यातून हायड्रोजन, हेलियम असे वायू वजा केले तर उरलेल्या मूलद्रव्यांचं जे प्रमाण राहतं, तेच आदिम अशनींत सापडतं. सूर्य आणि ग्रह एकाच ढगातून झाले याचा हा सर्वांत सरळ पुरावा. पृथ्वीचा खडक हे सांगू शकत नाही. आपली पृथ्वी सुरुवातीला वितळली, लोखंड बुडून गाभ्यात गेलं, वरचं कवच पुन्हा पुन्हा घडलं आणि मोडलं. पृथ्वीवर सापडलेले सर्वांत जुने खनिजकण ऑस्ट्रेलियातले झिरकॉन, सुमारे ४४० कोटी वर्षांचे. त्याआधीची पानं इथे शिल्लक नाहीत. लघुग्रह आणि धूमकेतू यांच्यासारख्या लहान पिंडांत ती राहिली. काही अशनींमध्ये कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमचे पांढरट ठिपके असतात, त्यांचं वय शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) ४५६.७ कोटी वर्षं निघतं. सूर्यमालेचं वय म्हणून आपण जो आकडा सांगतो तो त्या ठिपक्यांचा.

गच्चीवरचा कण मात्र वितळलेला आहे, म्हणजे त्याची निम्मी आठवण जळाली. मॅग्नेशियम, सिलिकॉन, कॅल्शियम यांचं प्रमाण राहिलं. पाणी, गंधक, कार्बनी संयुगं गेली. ऑक्सिजनचे समस्थानिक कण कुठल्या पिंडातून आला ते सांगतात, पण वितळताना कणात पृथ्वीच्या हवेतला ऑक्सिजन मिसळतो, त्यामुळे ते वाचन सावधपणे करावं लागतं. म्हणूनच शास्त्रज्ञ धुळीच्या मागे आणखी वर, आणखी दूर गेले. डोनाल्ड ब्राउनली यांनी १९७० च्या दशकात विमानाला चिकट पट्ट्या लावून सुमारे २० किलोमीटर उंचीवरून कण पकडले. तिथले कण इतके बारीक की ते न वितळताच मंदावतात.

मग स्टारडस्ट यान. जानेवारी २००४ मध्ये ते विल्ट-२ धूमकेतूजवळून गेलं, सेकंदाला सहा किलोमीटरच्या वेगाने येणारी धूळ त्याने एरोजेल नावाच्या धुरासारख्या हलक्या पदार्थात झेलली, आणि १५ जानेवारी २००६ ला ती पृथ्वीवर उतरवली. अपेक्षा अशी होती की सूर्यापासून दूर, थंडीत जन्मलेल्या धूमकेतूत अतिथंड जागची धूळ सापडेल. निघाले ते हजार अंशांपेक्षा जास्त तापमानाला बनलेले खनिजकण, कॅल्शियम-ॲल्युमिनियमच्या ठिपक्यांचे नातेवाईक. म्हणजे सूर्याजवळ भाजलेलं साहित्य कोणत्या तरी वाऱ्याने वा प्रवाहाने सूर्यमालेच्या टोकापर्यंत गेलं होतं. आतलं आत आणि बाहेरचं बाहेर, हे सुटसुटीत चित्र चार-दोन मायक्रॉनच्या कणांनी पुसलं. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत धुळीने शिकवलेला हा सर्वांत मोठा धडा आहे.

जपानच्या हायाबुसा-२ यानाने डिसेंबर २०२० मध्ये र्‍युगू लघुग्रहाचे सुमारे ५.४ ग्रॅम, तर अमेरिकेच्या ओसायरिस-रेक्स यानाने २४ सप्टेंबर २०२३ ला बेन्नू लघुग्रहाचे १२१.६ ग्रॅम आणले. बेन्नूच्या मातीत खाऱ्या पाण्याच्या बाष्पीभवनाने बनलेले क्षार आणि सजीवांच्या प्रथिनांत लागणाऱ्या २० पैकी १४ अमिनो आम्लं मिळाली. आपल्या वितळलेल्या कणातून नेमकं हेच उडून गेलेलं असतं. ही माती नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत हाताळतात, पृथ्वीची हवासुद्धा लागू देत नाहीत. तुम्ही काडी जिभेला लावायची नाही, ते याच कारणाने.

आणि सूर्याहूनही जुनी धूळ आहे. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या अशनीतले सिलिकॉन कार्बाइडचे कण इतर, मरणाऱ्या ताऱ्यांभोवती बनले. त्यांच्यातले समस्थानिक सूर्यमालेतल्या कशाशीच जुळत नाहीत. त्यांतले काही ५०० ते ७०० कोटी वर्षांचे असल्याचं २०२० साली जाहीर झालं. मानवाच्या हाती आलेला हा सर्वांत जुना घन पदार्थ.

उरलेलं काम

चुंबकाला न चिकटलेला मधला भाग फेकू नका. काचेचे कण बहुधा त्यातच राहतात. तो वेगळ्या बाटलीत, त्याच तारखेने ठेवा. नजर तयार झाली की दुसऱ्या वर्षी तो पुन्हा काढायचा. गाळ उचललेला कोपरा ब्रशने स्वच्छ करा आणि वहीत त्या दिवसाची तारीख पुढच्या मोजणीची पहिली तारीख म्हणून घाला. दिवाळीनंतर आठवड्याभराने त्याच कोपऱ्यातला चिमूटभर थर वेगळा उचलून तोतयांच्या डब्यात टाका, त्यावर वर्ष घाला. पुढच्या ऑक्टोबरात त्याच्याशी ताडून बघायला तो लागेल.